मिलानच्या चित्रातले वसईकर: नागासाकीच्या हुतात्म्यांचं बरोक तैलचित्र कसं बघायचं?

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यातून निघालात, विरारला लोकल पकडली आणि नालासोपारा सोडून पुढच्या वसई रोडला उतरलात, की रिक्षा किंवा बसने वसईचा किल्ला गाठता येतो. किल्ल्यात पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष जागोजागी दिसतात. त्यातलं एक चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखलं जातं. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेजही आहे. त्यामुळे नाव आपल्या कानावरून गेलेलं असतं.

पण याच वसईकराच्या मृत्यूचा प्रसंग इटलीतल्या मिलान शहरातल्या एका नामांकित कलासंग्रहालयात आहे, हे तुम्हाला माहीत होतं का?

चित्राचं नाव आहे 'नागासाकी इथलं फ्रान्सिस्कनांचं हौतात्म्य'. चित्रकार तांझिओ दा वाराल्लो. संग्रहालय पिनाकोतेका दी ब्रेरा. हे चित्र काय दाखवतं, कधी आणि का काढलं गेलं, आणि त्यात वसईचा माणूस नेमका किती दिसतो, हे समजून घेऊया.

थोडक्यात

• संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ किंवा १५५७ च्या सुमारास वसईत झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकीत त्यांना इतर २५ जणांसोबत क्रुसावर मृत्युदंड दिला गेला.
• १६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी त्यांना 'धन्य' घोषित केलं. तांझिओचं चित्र त्यानंतरच्या काही वर्षांतलं मानलं जातं.
• ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व २६ जणांना संतपद दिलं. त्यामुळे गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत ठरतात.

गोन्सालो गार्सिया कोण होते?

डिसेंबर १५३४ च्या तहानंतर वसई पोर्तुगीजांकडे गेली होती. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज सैनिक होते आणि आई इथलीच. जेझुइट या धर्मसंघाने वसईत शाळा चालवली होती, तिथे ते शिकले आणि साधारण १५ व्या वर्षी जेझुइटांबरोबर जपानला गेले.

तिथे त्यांनी एक गोष्ट कमावली, तीच पुढे त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. ती म्हणजे जपानी भाषा. काही वर्षं ते धर्मशिक्षणाच्या कामात मदत करत होते. जेझुइट संघात कायमचं दाखल होण्याची त्यांची इच्छा होती, पण तो प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, मनिलाला गेले आणि तिथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात 'ब्रदर' म्हणून दाखल झाले. ब्रदर म्हणजे व्रतस्थ संन्यासी, पण मिस्सा अर्पण करणारा धर्मगुरू नव्हे.

पोर्तुगीज वसईचा माणूस स्पॅनिश मनिलात कसा रुळला, असा प्रश्न पडू शकतो. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालवर एकच राजा राज्य करत होता. वसाहतींचा कारभार वेगळा असला, तरी माणसांची ये-जा चालू होती.

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता यांना जपानकडे दूत म्हणून पाठवलं. त्यांच्यासोबत जपानी बोलू शकणारे गोन्सालो गार्सिया होते. जपानचा तेव्हाचा सर्वात ताकदवान सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर या दूतमंडळाचा दुभाषा वसईचा होता. पुढे या संन्याशांनी क्योतोत मठ उभारला आणि कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय चालवलं.

मग मृत्युदंड का झाला?

याला एकच कारण नव्हतं. तीन धागे एकत्र आले.

पहिला धागा संशयाचा. हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. त्याची अंमलबजावणी ढिली होती, पण हुकूम रद्द झाला नव्हता.

दुसरा धागा धर्मसंघांमधल्या चढाओढीचा. १५८५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानमधलं मिशनकार्य फक्त जेझुइटांकडे दिलं होतं. जेझुइटांचा संबंध मुख्यतः पोर्तुगीज व्यापाराशी, तर नव्याने आलेल्या फ्रान्सिस्कनांचा स्पॅनिश मनिलाशी. जेझुइट सावधपणे काम करत होते, फ्रान्सिस्कन उघडपणे. दोघांमध्ये कुरबुरी होत्या.

तिसरा धागा जहाजाचा. ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यावरचा माल जप्त झाला. त्या वादातून, आधी मिशनरी आणि मागून सैन्य अशी स्पेनची देश जिंकण्याची पद्धत आहे, हा समज हिदेयोशीच्या दरबारात पक्का झाला. कोण कोणाला काय म्हणालं यावर जेझुइट आणि फ्रान्सिस्कन पुढे कित्येक वर्षं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले.

डिसेंबर १५९६ मध्ये धरपकड झाली. जानेवारीत क्योतोमध्ये बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापला गेला आणि त्यांची धिंड काढली गेली. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत साधारण ८०० किलोमीटरचा प्रवास. निघताना २४ जण होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. एकूण २६ जणांमध्ये सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि १७ सामान्य ख्रिस्ती भाविक होते. त्यात अवघ्या १२ वर्षांचा एक मुलगाही होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांना मारण्यात आलं.

चित्र ३० वर्षांनी का आलं?

याचं उत्तर चर्चच्या नियमांत आहे.

एखाद्या धार्मिक व्यक्तीचा मृत्यू झाला म्हणून लगेच तिचं चित्र चर्चमध्ये लावून भक्ती सुरू करता येत नाही. आधी रोमकडून 'धन्य' ही घोषणा लागते, नंतर संतपद. १६२५ मध्ये पोप आठवे अर्बन यांच्या काळात हा नियम आणखी कडक झाला. अशी मान्यता न मिळालेल्या व्यक्तीच्या डोक्यामागे तेजोवलय दाखवण्यावरही बंदी आली.

म्हणजे १६२७ ची घोषणा ही चित्रकारांसाठी एक प्रकारची परवानगी होती. फ्रान्सिस्कन संघाला आपले नवे हुतात्मे लोकांसमोर आणायचे होते आणि जगभर चित्रांची एक लाटच आली. फ्रान्समधल्या लोरेन प्रांताचा जाक कालो याने याच सुमारास या प्रसंगाचं कोरीव मुद्राचित्र केलं. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या वोल्फगांग किलियानचं मुद्राचित्र १६२८ चं आहे. पेरूमधल्या कुस्कोत लाझारो पार्दो दे लागो याने १६३० मध्ये फ्रान्सिस्कन मठासाठी हाच विषय तैलरंगात रंगवला. मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथल्या कॅथेड्रलच्या भिंतींवरही हुतात्म्यांच्या या प्रवासाची भित्तिचित्रं आहेत. ती नंतरच्या रंगाच्या थरांखाली झाकली गेली होती, विसाव्या शतकात पुन्हा उजेडात आली.

मिलानमधलं तांझिओचं तैलचित्र याच लाटेतलं.

तांझिओ दा वाराल्लो कोण?

त्याचं खरं नाव अंतोनिओ देनरिको. उत्तर इटलीच्या आल्प्स पर्वतातल्या वाल्सेसिया खोऱ्यातला. १६०० मध्ये तो भावाबरोबर रोमला गेला. तेव्हा रोममध्ये काराव्हाज्जो या चित्रकाराची जोरदार चर्चा होती. गडद अंधार, एका बाजूने पडणारा झगझगीत प्रकाश आणि संतांच्या जागी रस्त्यावरची खरीखुरी माणसं, ही काराव्हाज्जोची पद्धत. तांझिओने ती उचलली आणि डोंगरातल्या आपल्या गावाकडे परत नेली.

वाराल्लोचा 'साक्रो मोंते' म्हणजे पवित्र डोंगर. तिथे छोट्या छोट्या देवळांमध्ये येशूच्या आयुष्यातले प्रसंग माणसाच्या उंचीच्या पुतळ्यांनी आणि मागच्या भिंतीवरच्या चित्रांनी उभे केले आहेत. भाविकाला वाटावं की आपण त्या प्रसंगातच उभे आहोत. तांझिओने तिथे भिंती रंगवल्या, त्याचा भाऊ जोव्हानी पुतळे घडवत होता. प्रसंग बघणाऱ्याच्या अंगावर यायला हवा, हे तो तिथे शिकला असेल तर नवल नाही. १६३३ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

'बरोक' म्हणजे काय?

साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपीय कलाशैलीला बरोक म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतल्या ओबडधोबड मोत्यासाठीच्या शब्दावरून आला, असं साधारणपणे मानलं जातं.

१५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मसभेत कॅथलिक चर्चने ठरवलं की चित्रं आणि मूर्ती राहतील, पण त्यांनी लोकांना शिकवलं पाहिजे आणि भक्तीला प्रवृत्त केलं पाहिजे. प्रोटेस्टंट पंथीय चर्चमधून चित्रं काढून टाकत होते, तेव्हा कॅथलिक चर्चने उलट चित्रांवर भर दिला. म्हणून बरोक चित्रात शांत उभे संत कमी आणि ऐन प्रसंगात सापडलेले संत जास्त दिसतात.

तैलरंग या कामाला सोयीचे होते. रंगाची पूड जवसाच्या किंवा अक्रोडाच्या तेलात घोटली की रंग हळू वाळतो. त्यामुळे उजेडाकडून अंधाराकडे जाणारी छटा सावकाश मिसळता येते, एका थरावर दुसरा पातळ थर चढवता येतो. कॅनव्हासवर आधी गडद अस्तर द्यायचं आणि त्यातून उजेडातली अंगं बाहेर काढायची, ही त्या काळची लोकप्रिय रीत होती.

चित्रात काय बघायचं?

समोर क्रूस आहेत, त्यावर फ्रान्सिस्कन संन्यासी आहेत आणि त्यांना मारणारे भालेकरी आहेत. हे चित्र किंवा याच विषयावरचं दुसरं कुठलंही चित्र मोबाईलवर उघडलंत, तर या चार गोष्टी तपासा.

१. झगा. फ्रान्सिस्कन संन्याशांचा झगा साधा, जाडाभरडा असतो आणि कमरेला दोरी असते. त्या दोरीला तीन गाठी असतात, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या. जेझुइट काळ्या झग्यात दाखवले जातात.

२. आकडा. काही चित्रांत २६ ऐवजी २३ जण दिसतात. तो चित्रकाराचा घोटाळा नाही. १७ भाविकांना फ्रान्सिस्कन परिवारातलंच धरलं जात होतं, म्हणून ६ अधिक १७ असे २३ फ्रान्सिस्कनांचे, आणि तीन जेझुइटांचे. दोन्ही संघांनी आपापले हुतात्मे वेगळे मिरवले. जिवंतपणीची चढाओढ चित्रांतही उतरली.

३. खिळे की दोर? येशूच्या क्रुसाची सवय असल्याने आपण खिळे शोधतो. जपानमधल्या या शिक्षेत हातपाय आणि मान दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी क्रुसाला जखडत आणि दोन बाजूंनी दोन भाले छातीत आरपार खुपसत. म्हणून गोन्सालो यांच्या चित्रांत आणि पुतळ्यांत क्रुसाबरोबर भाले दिसतात.

४. आग. चित्रात माणसं जळताना दिसली, तर ते १५९७ चं नाही. १० सप्टेंबर १६२२ रोजी याच नागासाकीत ५५ ख्रिश्चनांना मारलं गेलं, त्यातल्या अनेकांना जिवंत जाळलं. त्या घटनेचं एक प्रसिद्ध जुनं चित्र रोमच्या जेझू चर्चकडे आहे. दोन्ही घटना एकाच टेकडीवरच्या असल्याने गल्लत सहज होते.

यातले गोन्सालो गार्सिया कोणते?

वसईकराला पडणारा पहिला प्रश्न हाच. आणि याचं प्रामाणिक उत्तर असं की चेहऱ्यावरून ते सांगता येत नाही.

तांझिओने गोन्सालो यांना कधीच पाहिलं नव्हतं. तो जपानलाही गेला नव्हता. युरोपातल्या चित्रकारांकडे मिशनऱ्यांचे वृत्तांत होते. उदाहरणार्थ, गोन्सालो यांच्यासोबत जपानमध्ये राहिलेले फ्रान्सिस्कन मार्सेलो दे रिबादेनेइरा यांचं पुस्तक १६०१ मध्ये बार्सेलोनात छापलं गेलं. अशा वृत्तांतातून घटना कळत होती, पण चेहरे कळत नव्हते. मग चित्रकार चेहरे कुठून आणणार? आपल्या आजूबाजूच्या माणसांचेच.

शिवाय चित्राचं शीर्षकच समूहाचं आहे. बरोक काळात काही संतांना स्वतंत्र, भव्य चित्रं मिळाली. वसईला येऊन गेलेले फ्रान्सिस झेवियर यांना १६२२ मध्ये संतपद मिळालं, पण त्याच्याही आधी रूबेन्सने त्यांच्या चमत्कारांवर प्रचंड मोठं चित्र केलं होतं. नागासाकीच्या हुतात्म्यांमध्ये मेक्सिकोत जन्मलेले फेलिपे दे हेसूस होते. मेक्सिकोने त्यांना आपला पहिला संत म्हणून उचलून धरलं आणि त्यांची वेगळी चित्रं, वेगळे पुतळे केले. गोन्सालो यांना या मोठ्या चित्रांमध्ये रांगेतली एक जागा मिळाली.

आणखी एक गोष्ट चित्रात येऊ शकत नाही. गोन्सालो यांचं सर्वात मोठं काम होतं बोलणं. दोन जगांच्या मध्ये उभं राहून एकाचं दुसऱ्याला समजावणं. ज्याच्यामुळे स्पॅनिश संन्याशांना हिदेयोशीशी बोलता आलं, तो माणूस चित्रात गप्प आहे. सान फेलिपे जहाज नाही, धर्मसंघांमधली भांडणं नाहीत, हिदेयोशीला वाटणारी स्पॅनिश आक्रमणाची भीती नाही. उरतात फक्त मारणारे आणि मरणारे.

हा तांझिओचा दोष म्हणता येणार नाही. हुतात्म्यांच्या चित्राचं काम वेदीसमोर बसलेल्या भाविकाला हलवणं हे होतं, इतिहास शिकवणं नव्हे. पण आपण ते आज स्क्रीनवर बघतो, तेव्हा १५९७ चा फोटो म्हणून न बघता १६२७ नंतरच्या युरोपने सांगितलेली गोष्ट म्हणून बघायला हवं. इतकं लक्षात ठेवलं तर चित्र कमी होत नाही, उलट जास्त कळतं.

'पहिले भारतीय संत' नेमके कोण?

सोशल मीडियावर यावरून नेहमी वाद होतो. तीन नावं येतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

• संत गोन्सालो गार्सिया (१८६२): भारतात जन्मलेले पहिले संत.
• संत अल्फोन्सा (२००८): संतपद मिळालेल्या पहिल्या भारतीय महिला, केरळच्या.
• संत देवसहायम (२०२२): धर्मगुरू किंवा संन्यासी नसलेले पहिले भारतीय संत, तामिळनाडूचे.

गोन्सालो यांना संतपद मिळालं तेव्हा खुद्द जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. ती १८७३ मध्ये उठली. दरम्यान फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीत बांधलेलं ओउरा चर्च या २६ हुतात्म्यांनाच अर्पण केलं होतं. संतपदाला १०० वर्षं झाली तेव्हा, १९६२ मध्ये, निशिझाका टेकडीवर २६ जणांचं ब्राँझ शिल्प आणि संग्रहालय उभं राहिलं. शिल्पकार होते यासुताके फुनाकोशी. तिथे क्रूस नाहीत, भालेही नाहीत. २६ माणसं एका ओळीत हात जोडून किंवा पसरून उभी आहेत. तांझिओच्या चित्राशेजारी या शिल्पाचा फोटो ठेवून बघा, एकच प्रसंग दोन काळांनी किती वेगळा सांगितला हे लगेच दिसेल.

मिलान ते वसई

ब्रेरा संग्रहालय १८०९ मध्ये, नेपोलियनच्या काळात लोकांसाठी खुलं झालं. बंद पडलेल्या मठांमधून आणि चर्चमधून आणलेली चित्रं तिथे मोठ्या प्रमाणावर जमा झाली. ज्या वाड्यात ते आहे, ते त्याआधी जेझुइटांचं कॉलेज होतं.

आता वसईच्या किल्ल्यात परत या. आज गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखलं जाणारं चर्चही मूळचं जेझुइटांचंच. फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी चर्च त्याच किल्ल्यात वेगळं उभं आहे, आज त्याचे भग्न अवशेष उरलेत. म्हणजे ज्या संघाने गोन्सालो यांना प्रवेश दिला नाही, त्याच संघाच्या जुन्या वास्तूला इथे त्यांचं नाव लागलं. आणि तिकडे मिलानमध्ये, त्याच संघाच्या जुन्या कॉलेजात, त्यांच्या हौतात्म्याचं चित्र पोहोचलं.

पुढच्या वेळी किल्ल्यात जाल तेव्हा ही दोन्ही चर्च बघा. आणि परतीच्या लोकलमध्ये 'तांझिओ दा वाराल्लो, नागासाकी' असं शोधून ते चित्र मोठं करून बघा. क्रुसावरच्या कुठल्याही चेहऱ्याकडे बोट दाखवून 'हे आपले' असं म्हणता येणार नाही. पण त्या रांगेतला एक जण याच किनाऱ्यावरून निघाला होता, आणि पुढे जपानच्या सत्ताधीशासमोर त्याच्याच भाषेत बोलला होता, हे आता तुम्हाला माहीत आहे.